फाइल कोणाची? सांबाच्या विनबाइंडचं परीक्षण

माझ्याकडे एक सामायिक फाइल सर्व्हर सांभाळायला आहे. लिनक्सवर सांबा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली वाटून देणारं सॉफ्टवेअर, चालतो आणि त्याला विंडोजचे डेस्कटॉप, लिनक्सची वर्कस्टेशनं आणि थोडे मॅकबुक असं सगळं जोडलेलं आहे. माणसं तीच, फोल्डर तेच, पण माणूस ओळखायची प्रत्येक सिस्टिमची रीत वेगळी. या रीतींची सांगड घालायचं काम सांबातला विनबाइंड करतो. बरीच वर्षं मी तो रोज वापरते आहे, नव्याने लावून दिला आहे, दुसऱ्यांनी लावलेला निस्तरलाही आहे. लॉगिन, पासवर्ड, केर्बेरॉस (तिकीट दाखवून ओळख पटवायची पद्धत) हेही तोच बघतो, पण इथे मी फक्त त्याच्या आयडी मॅपिंगबद्दल, म्हणजे एका सिस्टिमची ओळख दुसरीच्या ओळखीशी जुळवण्याबद्दल, लिहिते आहे, कारण खरी मेख तिथेच आहे.

मत आधीच सांगते. विनबाइंड हे अतिशय भरवशाचं सॉफ्टवेअर आहे आणि मी दुसरं काही शोधणार नाही. पण त्याचा मूळ बॅकएंड (ही जुळवणी करणारा मागचा भाग), म्हणजे टीडीबी, विंडोजच्या केंद्रीय यादीतल्या, म्हणजे डोमेनच्या, यूझरसाठी तसाच ठेवू नका. बाकीचं सगळं लिखाण या एका वाक्याचं कारण सांगण्यासाठी आहे असं समजा.

लिनक्सला नावाशी देणंघेणं नसतं. डिस्कवर फाइलपाशी यूआयडी (यूझरचा) आणि जीआयडी (ग्रुपचा) असे दोन आकडे लिहिलेले असतात, बस. यादीत दिसणारं नाव दाखवायच्या वेळी कुठून तरी शोधून आणलेलं असतं. आणि हा आकडा त्या यंत्रापुरताच खरा. उबुंटूवर पहिल्या माणसाला १००० मिळतो, मॅकवर ५०१, जुन्या रेड हॅटवर ५०० मिळायचा. विंडोजकडे याच्या जागी सिड, म्हणजे सुरक्षा ओळखक्रमांक, असतो: एस-१-५-२१ अशी सुरुवात, मग त्या डोमेनचे तीन लांबलचक आकडे, आणि शेवटी रिड, म्हणजे त्या खात्याचा डोमेनमधला क्रमांक. ५०० म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ५१२ म्हणजे डोमेन अ‍ॅडमिन्स, ५१३ म्हणजे डोमेन यूझर्स. आपली साधी खाती हजाराच्या पुढे. शिवाय विंडोजमध्ये यूझर आणि ग्रुप दोघांचेही सिड एकाच साच्यातले, त्यामुळे एखादा ग्रुपही फाइलचा मालक असू शकतो. लिनक्स ज्या घराण्यातलं त्या युनिक्सला ही कल्पनाच मान्य नाही, तिथे मालक म्हणजे एक यूझर. एकीकडे एवढा मोठा सिड, दुसरीकडे ३२ बिटांचा आकडा, आणि तोही लिनक्समध्ये ३२ बिटांचा झाला २००१ साली, २.४ कर्नलबरोबर, त्याआधी १६ बिटांतच भागवावं लागायचं. सिडवरून आकडा आणि आकड्यावरून परत तोच सिड, हे भाषांतर दरवेळी, दर यंत्रावर आणि दहा वर्षांनीही सारखंच यायला हवं. विनबाइंडला मी याच एका कसोटीवर जोखते.

अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सांबा लिहायला घेतला. विनबाइंड आला तो पुढे २.२ मालिकेत. सुरुवातीला तो ऐच्छिक होता. २०१८ मध्ये आलेल्या ४.८ पासून मात्र डोमेनचा सदस्य असलेल्या सर्व्हरवर तो चालू असलाच पाहिजे, नाही तर सांबा पुढे जात नाही. म्हणजे तुम्ही अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (विंडोजच्या डोमेनची खाती ठेवणाऱ्या सेवेला) सर्व्हर जोडला असेल, तर विनबाइंड तुमच्याकडे आहेच. प्रश्न एवढाच, की त्याच्या मागे कोणता बॅकएंड लावलाय.

टीडीबीची पद्धत दवाखान्यातल्या टोकनसारखी आहे: जो आधी आला त्याला पहिला नंबर. सर्व्हरसमोर एखादा नवा सिड आला, की ठरवून दिलेल्या रेंजमधला पुढचा मोकळा आकडा त्याला मिळतो आणि ही जोडी सर्व्हरवरच्या एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये लिहिली जाते. दुसऱ्या सर्व्हरवर माणसं वेगळ्या क्रमाने आली तर तिथले आकडे वेगळे. आणि ती फाइल गेली, की हिशेब गेला.

हे एका ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलं. सर्व्हर दुसऱ्या कोणी तरी लावलेला, सिस्टिमची डिस्क मेली, डेटाच्या डिस्क मात्र शाबूत. बॅकअपही होता, पण फक्त डेटाचा. नव्या डिस्कवर लिनक्स टाकलं, सांबा टाकला, कॉन्फिगरेशन जुन्या छापील प्रतीवरून जसंच्या तसं लिहिलं, डोमेनला जोडलं, सगळं हिरवं. दुपारपर्यंत माणसं तक्रारी घेऊन आली. एकीला स्वतःचं फोल्डर उघडेना, आणि नुकत्याच लागलेल्या एका मुलाला पगाराच्या शीटा उघडत होत्या. नावाऐवजी आकडे दाखवणारी यादी काढली, तर पगाराच्या फाइलींवर ३००७ होता. जुन्या डेटाबेसमध्ये ३००७ म्हणजे लेखा विभागाच्या बाई. नव्या डेटाबेसमध्ये त्या सकाळी आठव्या क्रमाने सर्व्हरवर आलेला तो मुलगा ३००७ झाला होता. कुणी काही फोडलं नव्हतं, कुठे एरर नव्हती, लॉगमध्येही काही नाही. सर्व्हरच्या मते सगळं बरोबरच चाललं होतं.

यातून बाहेर कसं पडलो ते तपशीलात सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिलं काम, सेवा बंद केली; लोक लिहीत राहिले असते तर नव्या आकड्यांच्या फाइली जुन्यांत मिसळल्या असत्या. तिथे एसीएल एक्सअ‍ॅटर नावाचं मॉड्यूल चालू होतं आणि ते फार कामी आलं. विंडोजच्या परवानग्या ते फाइलच्या विस्तारित गुणधर्मात जशाच्या तशा ठेवतं, म्हणजे सिडसकट. फाइलवर ३००७ आहे आणि तिच्या पोटात मालकाचा खरा सिडही आहे, असं असलं की जुनी जोडी पुन्हा मांडता येते. सांबा-टूलच्या एनटीएसीएल आज्ञेने फोल्डरामागून फोल्डर सिड वाचले, समोर आकडे लिहिले, आणि जुन्या डेटाबेसची बरीचशी यादी हाती आली. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मांडून नेट आयडीमॅप रीस्टोरने आत भरली. त्यात वरच्या मर्यादेची एक ओळ असते, पुढचा मोकळा आकडा कुठून सुरू करायचा ते सांगणारी. ती विसरली तर नवा माणूस आला की पुन्हा कुणाच्या तरी आकड्यावर जाऊन बसतो. ती नीट भरली, कॅशे पुसला, सेवा चालू केली. ज्या फाइलींना तो गुणधर्मच नव्हता त्यांचे मालक हाताने लावावे लागले.

टीडीबी वाईट आहे असं मी म्हणत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये तारांकित डोमेन असतं, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच डोमेनात न बसणाऱ्या सिडसाठीचं, त्याला मॅपिंग स्वतः वाटणारा बॅकएंडच लागतो, आणि बिल्टइन ग्रुपांसारख्या मोजक्या सिडसाठी टीडीबी अगदी योग्य आहे. पण माणसांच्या फाइलींची मालकी एका यंत्रावरच्या एका फाइलीवर टांगणं मला कधीच पटणार नाही. जिथे टीडीबी आधीपासून आहे आणि बदलणं आज शक्य नाही, तिथे नेट आयडीमॅप डंप रोज चालवून ती यादी सर्व्हरच्या बाहेर ठेवा. काही क्षणांचं काम आहे.

आता माझा आवडता बॅकएंड, रिड. यात डेटाबेसच नाही, बेरीज आहे. सिडच्या शेवटचा रिड घ्यायचा आणि त्यात रेंजचा खालचा आकडा मिळवायचा. सांबाच्या कागदपत्रांतल्या उदाहरणात रेंज १०,००० ते ९,९९,९९९ अशी दिलेली असते. त्यात रिड ११०५ असलेला माणूस ११,१०५ होतो आणि डोमेन यूझर्स ग्रुप १०,५१३. सर्व्हर जळाला, नवा आणला, कॉन्फिगरेशनमध्ये त्याच ओळी लिहिल्या, की तोच माणूस परत ११,१०५. दुसऱ्या सर्व्हरवरही ११,१०५. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत काही लिहायला नको, तिच्या अ‍ॅडमिनकडे परवानगी मागायला नको. वर सांगितलेला अख्खा घोळ या पद्धतीत होऊच शकत नाही.

याची दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. डोमेनमध्ये एकदा दिलेला रिड पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. माणूस नोकरी सोडून गेला, खातं उडवलं, तरी त्याचा आकडा कायमचा त्याचाच. यादीत नावाऐवजी नुसता आकडा दिसायला लागेल, पण तो उद्या रुजू होणाऱ्या माणसाच्या नावावर जाणार नाही. लिनक्सच्या स्थानिक खात्यांत ही हमी नसते; खातं काढलं आणि नवं घातलं, की तोच यूआयडी नव्या माणसाला मिळू शकतो आणि जुन्याच्या फाइलीही.

रेंज कुठून सुरू करायची यावर मात्र पहिल्या दिवशीच नीट विचार करा, कारण नंतर बदलली तर डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा मालक बदलावा लागतो. कागदपत्रांतली १०,००० ची सुरुवात चालते, पण एक अडचण आहे. लिनक्सवर रूटशिवाय, म्हणजे मुख्य हक्कांवाचून, कंटेनर (प्रोग्राम वेगळे, बंदिस्त चालवायची सोय) चालवायचे असले, की यूझरला दुय्यम यूआयडींचा एक पट्टा मिळतो. तो सहसा १,००,००० पासून सुरू होतो आणि माणशी ६५,५३६ आकडे खातो. म्हणजे तुमच्या डोमेनमधला रिड ९०,००० च्या पुढे गेला, की ती माणसं आणि कंटेनरमधल्या प्रोसेस एकाच आकड्यांवर येतात. लहान डोमेनला हे कधी भेटणार नाही, जुन्या मोठ्या डोमेनला नक्की भेटेल. मी सुरुवात २०,००,००० वर ठेवते. आमच्याकडे कंटेनर वापरणारी स्थानिक खाती पाच-सहा, त्यांचे पट्टे इथवर पोचत नाहीत. आणि वर एक सोय होते, २०,०१,१०५ दिसला की रिड ११०५ हे नुसत्या नजरेने कळतं. रात्री अडचण सोडवताना ही सोय किती मोलाची आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

रिडचा आणखी एक गुण. तो एकाच आकड्याला यूआयडी आणि जीआयडी दोन्ही मानतो. त्यामुळे विंडोजवरून डोमेन अ‍ॅडमिन्स ग्रुपच्या मालकीचं फोल्डर आलं, तरी लिनक्सच्या बाजूला त्याला मालक म्हणून लिहिता येतं. टीडीबीत एक आकडा एक तर यूझर असतो नाही तर ग्रुप, आणि तिथे अशा फोल्डरांचं गाडं अडतं.

उणीव सांगायची तर रिडमध्ये प्रत्येकाचं होम फोल्डर आणि शेल (लॉगिननंतर आज्ञा घेणारा प्रोग्राम) एकाच साच्यातून येतं. मूळ शेल तर लॉगिन न देणारंच असतं, ते बदलून घ्यावं लागतं. एकाला एक शेल, दुसऱ्याला दुसरं, असे लाड इथे होत नाहीत. मला त्याची गरज पडलेली नाही.

एडी बॅकएंड हे तिसरं टोक. यात आकडे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच, त्या त्या खात्यावर यूआयडी-नंबर आणि जीआयडी-नंबर या गुणधर्मांत लिहिलेले असतात. १९९८ च्या आरएफसी २३०७ या तांत्रिक दस्तऐवजातून आलेली ही पद्धत. कागदावर ही सगळ्यांत शुद्ध: सत्य एकाच जागी, सगळी यंत्रं तिथूनच वाचतात, शेल आणि होमही माणशी वेगळं ठेवता येतं. जिथे युनिक्सची जुनी खाती वर्षानुवर्षं आहेत, त्यांचे आकडे जपायचे आहेत आणि नंतर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आहे, तिथे दुसरा पर्यायच नाही.

पण हा बॅकएंड माणसाच्या शिस्तीवर चालतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी पुढचा आकडा आपणहून देत नाही, आणि दोन खात्यांना एकच यूआयडी-नंबर दिला तर अडवतही नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून तर युनिक्सच्या गुणधर्मांचा तो सोयीचा टॅबही गेला. आता अ‍ॅट्रिब्यूट एडिटरमध्ये जाऊन किंवा पॉवरशेलने भरायचं. नवा माणूस आला, खातं उघडणाऱ्याने आकडा भरला नाही, की लिनक्ससाठी तो माणूस अस्तित्वातच नाही. आकडा भरला पण रेंजच्या बाहेरचा, तरीही नाही. सगळ्यांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे, माणसाचा आकडा बरोबर आहे पण त्याच्या प्रायमरी ग्रुपला, म्हणजे बहुतेकदा डोमेन यूझर्सला, जीआयडी-नंबर नाही. मग तो एक ग्रुप रिकामा राहिल्याने सगळीच माणसं गायब. साध्या लॉग पातळीवर यातलं फारसं काही दिसत नाही, आणि ही मात्र मी विनबाइंडची खरी उणीव मानते. ‘हा यूझर सापडला, पण अमुक कारणाने घेतला नाही’ असं एक वाक्य ठळकपणे लॉगमध्ये यायला हवं. ४.६ पासून युनिक्सचा प्रायमरी ग्रुप खात्याच्याच जीआयडी-नंबरवरून घेण्याची सेटिंग आली, त्याने थोडा ताप कमी झाला.

ऑटोरिडबद्दल थोडक्यात. डोमेन अनेक असतील तर प्रत्येकाला तो आपणहून एक लाखाचा गट देतो, आत मात्र रिडसारखीच बेरीज. एकाच सर्व्हरला छान. पण कोणत्या डोमेनला कोणता गट हे आल्या क्रमानेच ठरतं, त्यामुळे दोन सर्व्हरांवर गट वेगळे पडू शकतात आणि टीडीबीची काळजी मागच्या दाराने परत येते. मी वापरत नाही.

इथपर्यंतचं सगळं सर्व्हरच्या आतलं. बाहेरून कोण कसं जोडलं जातंय यावर पुढचं अवलंबून आहे. एसएमबीने, म्हणजे विंडोजच्या फाइल वाटण्याच्या पद्धतीने, जोडलेल्या यंत्रावरचा आकडा काय आहे याला काहीच महत्त्व नाही. मॅकवर माणूस ५०१ असो की आणखी काही, तो सर्व्हरला नाव आणि केर्बेरॉसचं तिकीट दाखवतो, आणि आकडा काय लावायचा ते सर्व्हर ठरवतो. भाषांतर एकदाच, एकाच जागी. म्हणून मॅकबुक मी सरसकट एसएमबीनेच जोडले. डोमेनला जोडलेला मॅक मुळात यूआयडी स्वतःच्या वेगळ्या हिशेबाने, खात्याच्या जीयूआयडी या आणखी एका ओळखक्रमांकावरून बनवतो. एनएफएसवर, म्हणजे युनिक्सच्या फाइल वाटण्याच्या पद्धतीत, ते फार त्रासाचं झालं असतं.

एनएफएसचा मामला वेगळा. तिसऱ्या आवृत्तीत, साध्या सुरक्षेवर, क्लायंट सर्व्हरला नुसता आकडा पाठवतो: मी २०,०१,१०५. सर्व्हर विश्वास ठेवतो. दोन्हीकडे तो आकडा त्याच माणसाचा असेल तरच फाइल योग्य हातात पडते. आमच्या वर्कस्टेशनांवर आधी एसएसएसडी हा विनबाइंडसारखंच काम करणारा प्रोग्राम होता. तोही रिडवरूनच आकडा काढतो, पण डोमेनच्या सिडचा हॅश करून (ठरावीक गणिताने त्याचा एक आकडा काढून) दोन-दोन लाखांच्या गटांपैकी एक गट निवडतो आणि त्यात रिड मिळवतो. त्यामुळे सर्व्हरवर २०,०१,१०५ असलेली बाई तिच्या वर्कस्टेशनवर कोट्यवधींच्या घरातला एक लांबलचक आकडा होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की शेवटचे ११०५ सारखे दिसायचे, आणि रोग काय आहे ते तिथेच कळायचं. तिने विंडोजवरून ठेवलेली फाइल वर्कस्टेशनवरून तिलाच लिहिता येत नसे.

यावर दोन सरळ उपाय आहेत. एक तर दोन्हीकडे एडीचे आकडे वाचायचे, म्हणजे एसएसएसडीचं स्वतःचं मॅपिंग बंद करायचं आणि सांबाला एडी बॅकएंड द्यायचा. नाही तर वर्कस्टेशनवरही विनबाइंडच लावायचा, त्याच रेंजसकट. मी दुसरा घेतला. एसएसएसडी वाईट म्हणून नव्हे, आमच्याकडे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत आकडे भरत राहणारं कुणी नाही म्हणून. कॉन्फिगरेशनच्या तीन ओळी सगळीकडे सारख्या, आणि नवं वर्कस्टेशन आलं की त्या ओळी त्याच साच्यातून जातात.

एनएफएसची चौथी आवृत्ती आकड्याऐवजी ‘नाव अ‍ॅट डोमेन’ असं पाठवू शकते, म्हणून ती लावली की प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. लिनक्सच्या दोन यंत्रांत साधी सुरक्षा असेल तर आता मूळ सेटिंगप्रमाणे तिथेही आकडेच जातात. नावं कामाला येतात ती केर्बेरॉस लावल्यावर. आणि तेव्हा आयडीमॅपडीच्या, म्हणजे एनएफएसची नावं आणि आकडे जुळवणाऱ्या सेवेच्या, कॉन्फिगरेशनमधलं डोमेनचं नाव दोन्हीकडे जुळलं नाही, तर सगळ्या फाइली ‘नोबडी’च्या नावावर दिसायला लागतात. असं दिसलं तर परवानग्यांना हात लावू नका, आधी ते एक नाव तपासा. आणखी एक जुनं बंधन: साध्या सुरक्षेत क्लायंट जास्तीत जास्त १६ ग्रुप पाठवू शकतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत माणूस सहज तीस-चाळीस ग्रुपांत असतो. सतराव्या ग्रुपमुळे मिळणारं फोल्डर त्याला विंडोजवर उघडतं, लिनक्सवर उघडत नाही, आणि कारण कुणाला समजत नाही. माउंटडीला, म्हणजे एनएफएस सर्व्हरच्या एका सेवेला, मॅनेज-जीआयडीज हा पर्याय दिला, की सर्व्हर क्लायंटची यादी बाजूला ठेवून ग्रुप स्वतः शोधतो. तो शोधतो तेही विनबाइंडकडूनच, त्यामुळे दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. हे पहिल्यांदा जुळून आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

कॅशेबद्दल माहीत असायलाच हवं. एकदा केलेलं मॅपिंग विनबाइंड आठवडाभर लक्षात ठेवतो, मूळ सेटिंग ६,०४,८०० सेकंदांची आहे. ‘असा कुणी नाही’ हे उत्तर मात्र दोनच मिनिटं. म्हणजे नव्या माणसाची अडचण लवकर सुटते, पण बदललेला आकडा जुनाच दिसत राहतो. मॅपिंगमध्ये काहीही बदललं की नेट कॅशे फ्लश करायचंच. ग्रुपचं वेगळं आहे: कुणाला नव्या ग्रुपमध्ये घातलं की त्याला एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगा. ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळच्या तिकिटातून येते, आणि ‘मॅपिंग बिघडलंय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी एवढ्यानेच मिटतात.

तपासायची साधनं उत्तम आहेत आणि इथे सांबाला पूर्ण गुण. डब्ल्यूबीइन्फोला (विनबाइंडला थेट विचारणारी आज्ञा) नाव द्या, सिड देतो. सिड द्या, यूआयडी देतो. यूआयडी द्या, सिड परत देतो. मग गेटएंटला (लिनक्सला दिसणारी खाती दाखवणारी आज्ञा) तेच नाव विचारा. या चार पायऱ्यांत साखळी कुठे तुटली ते कळतं: डब्ल्यूबीइन्फो बरोबर सांगतोय आणि गेटएंट गप्प, तर दोष लिनक्सने नावं कुठे शोधायची ते सांगणाऱ्या एनएसस्विचच्या फाइलमध्ये किंवा ती शोधणाऱ्या एनएसएसच्या लायब्ररीत. फक्त सगळ्या माणसांची यादी मागू नका. ती मूळ सेटिंगमध्ये मुद्दाम बंद आहे, आणि यादी रिकामी आली म्हणून विनबाइंड बंद आहे असं होत नाही. एकाचं नाव घेऊन विचारा.

विंडोजच्या सिक्युरिटी टॅबमध्ये माणसाच्या नावाऐवजी ‘युनिक्स यूझर’ असं काही दिसलं, किंवा सिड एस-१-२२ ने सुरू झाला, तर समजायचं की डिस्कवरच्या त्या आकड्याला डोमेनमधला माणूसच सापडलेला नाही. सांबाने नुसत्या आकड्यालाच एक सिड चिकटवून पुढे केलं आहे. जुन्या फाइली आणल्यावर मी पहिलं हेच बघते.

कॉन्फिगरेशन तपासणाऱ्या टेस्टपार्म या आज्ञेचाही उल्लेख हवा. २०१७ च्या ४.६ आवृत्तीबरोबर सांबाच्या लोकांनी स्वतःच लिहिलं होतं, की बहुतांश वापरणाऱ्यांचं आयडी मॅपिंगचं कॉन्फिगरेशन चुकीचं किंवा अवैध असल्याचं त्यांना आढळलं. त्यांनी दोष वापरणाऱ्यांवर ढकलला नाही, टेस्टपार्ममध्ये तपासणी घातली. दोन रेंज एकमेकींवर चढल्या की ते आता सांगतं. अशा प्रकल्पावर माझा विश्वास बसतो.

दुसऱ्या रीतीही आहेत. नेटअ‍ॅपच्या ओएनटॅप या स्टोरेज सिस्टिममध्ये नावावरून नाव जुळवतात: आधी तुमचे नियम, त्यांत नाही बसलं तर विंडोजचं नाव युनिक्सच्या त्याच नावाशी, तेही नाही तर ठरलेला एक यूझर. माणसाला समजायला हे सोपं. इल्युमॉस या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमने तर प्रश्नाच्या मुळावरच हात घातला. तिथे झेडएफएस ही फाइलसिस्टिम थेट सिड डिस्कवर ठेवू शकते आणि आकडे केवळ चालू सत्रापुरते, रीबूट केलं की नवे. शुद्ध विचार म्हणून मला तो फार आवडतो. पण माझी वर्कस्टेशनं लिनक्सची आहेत, त्यांना एनएफएसवर टिकाऊ आकडा लागतो, त्यामुळे माझ्या कामाला विनबाइंडच योग्य.

एक जागा उरते जिथे रिडही पुरत नाही, ती म्हणजे डोमेन बदलणं. दोन संस्था एकत्र आल्या, माणसं नव्या डोमेनमध्ये नेली, की सिड नवा, रिड नवा, आकडा नवा, आणि डिस्कवरच्या फाइली जुन्या आकड्यावर. नवं डोमेन नुसतं जोडलं असेल, म्हणजे दोन्ही चालू असतील, तर त्याला स्वतःची वेगळी रेंज द्यावीच लागते, कारण ११०५ दोन्हीकडे असणार. मी पहिल्या डोमेनला २० लाख ते ३० लाखांच्या आत ठेवलं ते यासाठीच. ३० लाखांवर सांबाचा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) स्वतःचे आकडे सुरू करतो, तो पट्टा मी सोडून देते. त्यामुळे दुसरं डोमेन आलं तर त्याची सुरुवात ४० लाखांवर, तशी टिपणी कॉन्फिगरेशनमध्ये त्याच ओळीवर लिहून ठेवली आहे.